अ‍ॅबिलिटी दुरुस्त केली तरी पुन्हा बिघडते: स्वतः लिहिलेल्या रोलप्लेइंग गेममध्ये दोष कुठे शोधायचा

समस्या साधारण अशी सुरू होते. टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर होऊन खेळायच्या तुमच्या गेममधली एखादी अ‍ॅबिलिटी, म्हणजे कॅरेक्टरची खास क्षमता, जरा जास्तच भारी पडतेय हे सगळ्यांच्या लक्षात येतं. तुम्ही तिचा बोनस +३ चा +२ करता. दोन-तीन सेशन, म्हणजे खेळाच्या बैठका, सुरळीत जातात. मग वेगळ्याच प्रसंगात तीच अ‍ॅबिलिटी पुन्हा अख्खी लढाई एकटीने उरकते. किंवा ती गप्प बसते आणि शेजारच्या कॅरेक्टरची दुसरीच अ‍ॅबिलिटी डोकं वर काढते. पुन्हा आकडा बदलायचा, पुन्हा तेच. काही महिन्यांनी नियमांच्या वहीत इतकी खाडाखोड होते की सध्या नक्की कोणता नियम चालू आहे यावरच वाद रंगतात.

असं होत असेल तर आकडे बदलणं तूर्त थांबवा. सारखी बिघडणारी अ‍ॅबिलिटी बहुतेक वेळा तिथे बिघडलेली असते जिथे ती दुसऱ्या नियमाला येऊन भिडते. ती नेमकी कधी वापरायची, किती वेळा, कशाच्या बदल्यात, आणि दुसऱ्या बोनससोबत तिची बेरीज होते का, या चार जागा आधी तपासायच्या. +३ चा +२ केल्याने यातली एकही जागा बदलत नाही, म्हणून बिघाड फिरून येतो.

उदाहरणांसाठी एक साधा गेम धरू. दोन सहाबाजूंचे फासे टाकायचे, त्यात कॅरेक्टरचा गुण मिळवायचा, बेरीज ९ किंवा जास्त झाली की काम जमलं. वार लागला की एक सहाबाजूंचा फासा टाकून डॅमेज, म्हणजे समोरच्याला किती इजा झाली ते, काढायचं. तुमचा गेम वीसबाजूंच्या फाशावर चालत असेल तरी विचार हाच, आकडे तेवढे वेगळे येतील.

बिघाड नियमातच आहे ना?

तक्रार आली म्हणजे नियम चुकला असं होत नाही. +२ गुण असलेल्या कॅरेक्टरला फाशांवर ७ लागतात, म्हणजे वार लागण्याची शक्यता ५८ टक्के. असा वार सलग तीनदा हुकण्याची शक्यता ७ टक्के आहे. एका सेशनमध्ये टेबलावर किती वेळा फासे पडतात ते पाहिलं, तर अशी पडझड कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येणारच. एका लढाईवरून अ‍ॅबिलिटी कमकुवत किंवा भारी ठरवू नका. आकड्यांचा निकाल कागदावर लावा आणि टेबलावर फक्त एवढं बघा की ती वापरताना मजा येते का, आणि बाकीचे खेळाडू तेवढा वेळ काय करत असतात.

मग पत्रकं, म्हणजे कॅरेक्टरचे गुण आणि अ‍ॅबिलिट्या लिहिलेले कागद, अदलाबदल करून पाहा. तीच छोटी लढाई, तेच शत्रू, फक्त ते कॅरेक्टर दुसऱ्या खेळाडूच्या हातात. कोणाच्याही हातात ती भारी पडत असेल तर नियमात खोट आहे. एकाच खेळाडूच्या हातात भारी पडत असेल तर त्याने काहीतरी छान शोधून काढलंय, आणि ते काय ते त्यालाच विचारा. असे खेळाडू तुमच्या गेमचे सर्वात चांगले परीक्षक असतात. नियमातली फट ते खेळता खेळता दाखवतात. त्यांना त्याची शिक्षा मिळतेय असं वाटलं तर पुढच्या वेळी ते फट दाखवणार नाहीत, नुसती वापरतील.

गेम मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा, त्याची सवय हेही एक कारण असतं. प्रत्येक लढाई मोकळ्या मैदानात होत असेल तर तिरंदाजाची अ‍ॅबिलिटी कायम वरचढ दिसेल. तिथे नियमाला हात न लावता पुढची लढाई अरुंद बोगद्यात घ्या.

+१ म्हणजे किती?

वीसबाजूंच्या फाशावर +१ म्हणजे सरळ ५ टक्के, टोकाचे आकडे सोडले तर कुठेही तेवढेच. दोन फाशांच्या बेरजेत तसं नसतं. ९ हवे असताना शक्यता २८ टक्के असते, +१ मिळाला की ती ४२ होते. पण ज्याला आधीच फक्त ४ लागतात त्याची शक्यता ९२ टक्के आहे, आणि त्याच +१ ने ती ९७ वर जाते. एकाला १४ टक्क्यांचा फायदा, दुसऱ्याला साडेपाच. म्हणजे एकाच अ‍ॅबिलिटीबद्दल नवशिक्या कॅरेक्टरचा खेळाडू ‘जबरदस्त’ म्हणतो आणि मुरलेल्या कॅरेक्टरचा खेळाडू ‘फुकट गेली’ म्हणतो तेव्हा दोघंही खरं बोलत असतात.

‘पुन्हा फासा टाका’ ही मुभा याहून फसवी आहे. ११ हवे असतील तर मूळ शक्यता ८ टक्के, दुसरी संधी मिळाल्यावर १६, म्हणजे जवळपास +१ एवढीच किंमत. पण ७ हवे असतील तर ५८ वरून ८३, म्हणजे थेट +२. जो आधीच बऱ्यापैकी कुशल आहे त्याच्या हातात ही मुभा जास्त फळते. अडचणीत सापडलेल्या कॅरेक्टरला आधार द्यावा म्हणून तुम्ही ती लिहिली असेल तर तिने नेमकं उलट काम केलं असणार. अडलेल्यालाच मदत करायची असेल तर तसं सरळ लिहा: ‘तुमचा गुण ० किंवा कमी असेल तरच’.

हे हिशोब डोक्यात करायची गरज नाही. दोन फाशांचे सगळे मिळून ३६ निकाल असतात, सहा बाय सहाचा तक्ता एका पानावर मावतो. गुंतागुंतीचं असेल तर एनीडाइस हे संकेतस्थळ फुकट आहे आणि याच कामासाठी बनवलेलं आहे.

बोनसची थप्पी

माझ्या मते घरगुती गेममधला सर्वात जास्त त्रास इथून येतो, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा तीन अ‍ॅबिलिट्या आहेत. ‘दुहेरी वार: तुमच्या पाळीत एकाऐवजी दोन वार करा.’ ‘पेटतं पातं: तुमच्या डॅमेजला +२.’ आणि सोबत्याची ‘रणघोष: या फेरीत तुमच्या एका सोबत्याच्या डॅमेजला +३.’ तिन्ही सुट्या वाचल्या तर निरुपद्रवी. आता त्या एकत्र आणा. एक वार करणाऱ्याचा लागलेला वार सरासरी साडेतीन अधिक पाच, म्हणजे साडेआठ डॅमेज करतो. दुहेरी वारवाल्याचे दोन्ही वार लागले तर १७, बरोबर दुप्पट.

तक्रार येते. तुम्ही दुहेरी वाराचा फासा सहाबाजूंऐवजी चारबाजूंचा करता, कारण तेच डोळ्यासमोर असतं. चारबाजूंच्या फाशाची सरासरी अडीच. अडीच अधिक पाच, साडेसात, दोनदा, म्हणजे १५. साडेआठच्या तुलनेत अजूनही ७६ टक्के जास्त. बोनस अजिबात नसते तर हीच तुलना ५ विरुद्ध साडेतीन अशी, म्हणजे ४३ टक्के झाली असती. कॅरेक्टर जसजसं वर चढेल, नवनवे बोनस येतील, तसतसा हा फरक पुन्हा दुपटीकडे सरकत जाणार. फासा तीनबाजूंचा केलात तरी सरकणारच. आकडा कमी करूनही अ‍ॅबिलिटी काही सेशननंतर परत का उसळते याचं उत्तर हे आहे. गडबड बोनस प्रत्येक वाराला लागतो इथे आहे, फासा बिचारा मध्येच भरडला जातो.

मग दुरुस्ती अशी सुचते: ‘डॅमेजचे बोनस एका पाळीत एकदाच लागतात.’ दिशा योग्य आहे, पण हे वाक्य अजून अर्धवट आहे. एकदाच म्हणजे कोणत्या वारावर? इथे दोन वेगळे नियम लपलेत. ‘बोनस पाळीतल्या पहिल्या लागलेल्या वारावर’ आणि ‘बोनस पाळीतल्या पहिल्या वारावर’. वाचायला सारखेच. ५८ टक्के शक्यतेने हिशोब करून बघा. एक वार करणाऱ्याचं दर पाळीला सरासरी डॅमेज जवळपास ५ येतं. चारबाजूंच्या फाशाचा दुहेरी वार ‘पहिल्या लागलेल्या’ नियमाने ७ च्या आसपास जातो, कारण दोनपैकी एक तरी वार लागण्याची शक्यता ८३ टक्के आहे आणि बोनस जवळजवळ कधीच वाया जात नाही. म्हणजे ४२ टक्के जास्त. ‘पहिल्या वारावर’ या नियमाने पहिला वार हुकला की बोनसही गेला, आणि फायदा १८ टक्क्यांवर येतो. एक शब्द गाळल्याने २४ टक्क्यांचा फरक पडतो. मला स्वतःला दुसरा नियम आवडतो. दोन वार करणाऱ्याला थोडी बढत मिळायलाच हवी, शेवटी त्याने एक अ‍ॅबिलिटी खर्च केली आहे, आणि १८ टक्के ही टेबलावर जाणवणारी पण न खुपणारी बढत आहे.

मोठ्या गेमनाही हा प्रश्न चुकला नव्हता. डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोलप्लेइंग गेमच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत बोनसना प्रकार दिलेले होते, आणि एकाच प्रकारचे दोन बोनस आले तर सहसा मोठा तेवढा धरायचा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने वेगळी वाट घेतली: लक्ष एकाग्र ठेवावं लागणारा मंत्र एका वेळी एकच चालू ठेवता येतो, दुसरा सुरू केला की पहिला सुटतो. आणि दोन वीसबाजूंचे फासे टाकून मोठा धरायची सवलत कितीही कारणांनी मिळाली तरी फासे दोनच. घरच्या गेमसाठी मी दुसरी वाट सुचवेन. बोनसचे प्रकार लक्षात ठेवायला प्रत्येक खेळाडूच्या पत्रकावर जागा आणि डोक्यात शिस्त लागते. ‘चालू राहणारा परिणाम एका कॅरेक्टरवर एका वेळी एकच’ हे वाक्य सगळ्यांना पहिल्या सेशनपासून पाठ होतं.

कधी वापरायची ते लिहिलंय का?

बरेच वाद प्रत्यक्षात वेळेचे असतात. ‘ढाल पुढे’ नावाची ही अ‍ॅबिलिटी पाहा: ‘सोबत्यावर हल्ला झाला तर तुम्ही मध्ये येऊन डॅमेज स्वतः घेऊ शकता.’ लिहिताना चित्र डोळ्यासमोर स्वच्छ असतं. टेबलावर मात्र प्रश्न सुरू होतात. फासा पडायच्या आधी सांगायचं की वार लागला हे कळल्यावर? डॅमेज २ आहे हे ऐकून गप्प बसायचं आणि ११ आहे हे ऐकून मध्ये यायचं, असं चालेल? सोबती खोलीच्या दुसऱ्या टोकाला असला तर? आगीचा लोळ सगळ्यांवर आला तर सगळ्यांचं डॅमेज एकटा घेणार का? चिलखत ढालवाल्याचं धरायचं की सोबत्याचं? ढालवाले दोन असले तर दुसऱ्याने पहिल्यासाठी मध्ये यायचं का, आणि मग पहिल्याने दुसऱ्यासाठी?

गेम मास्टर प्रत्येक वेळी प्रसंग बघून निर्णय देतो, प्रत्येक वेळी तो थोडा वेगळा पडतो, आणि ‘ही अ‍ॅबिलिटी बिघडलेली आहे’ अशी तिची ख्याती होते. आकड्यात तर तिच्या काहीच नाही.

उपाय असा. नियमावलीच्या सुरुवातीला हल्ल्याचे टप्पे एकदाच लिहून टाका: घोषणा, फासा, निकाल, डॅमेज, परिणाम. मग प्रत्येक अ‍ॅबिलिटीने आपला टप्पा सांगायचा. ‘ढाल पुढे’ पुन्हा लिहिली तर अशी होते: ‘निकालानंतर, डॅमेजचा फासा पडण्याआधी: एका शत्रूचा वार तुमच्या हाताच्या अंतरावरच्या एका सोबत्याला लागला असेल तर तो तुम्हाला लागतो. चिलखत तुमचं धरा. फेरीतून एकदा. दुसऱ्या ढालकऱ्याने अंगावर घेतलेल्या वारावर चालत नाही.’ वाक्यं वाढली, पण एकही आकडा बदलला नाही आणि वर विचारलेले सगळे प्रश्न मिटले. ‘डॅमेज पडण्याआधी’ हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. किती लागणार हे माहीत नसताना मित्रासाठी पुढे होणं यातच त्या अ‍ॅबिलिटीचा जीव आहे. डॅमेज ऐकून ठरवायची मुभा दिली की तो निव्वळ हिशोब होतो.

समोरच्याची पाळी बुडवणाऱ्या अ‍ॅबिलिट्या

‘थिजवणारी नजर: जमलं तर शत्रूची पुढची पाळी जाते.’ शक्यता ५८ टक्के धरा. समोर सहा लुटारू असतील तर सहापैकी एकाची पाळी निम्म्याहून थोड्या जास्त वेळा जाते, म्हणजे शत्रूच्या एकूण ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा. समोर एकच राक्षस असेल तर त्याच्या निम्म्याहून जास्त पाळ्या गेल्या. दोन खेळाडूंनी ही अ‍ॅबिलिटी घेतली तर ८३ टक्के. ज्या लढाईसाठी तुम्ही आठवडाभर तयारी केली ती राक्षसाने एकदाही हात न उगारता संपते.

इथे शक्यता कमी करणं हा सर्वात वाईट उपाय आहे. ४२ टक्के केलीत तर दोघं मिळून राक्षसाच्या ६६ टक्के पाळ्या अजूनही खातात, आणि लुटारूंसमोर जिथे ती आधीच किरकोळ होती तिथे पार निरुपयोगी होते. पाचव्या आवृत्तीतल्या बड्या राक्षसांना यासाठी दिवसातून ठरावीक वेळा आपला फसलेला बचाव जमला असं धरायची सोय दिलेली आहे. त्याने राक्षस वाचतो, पण खेळाडूची पाळी मात्र हवेत विरते, आणि ती चीड मी समजू शकतो.

यापेक्षा परिणामच अर्धा करा. थिजलेला शत्रू हलू शकतो किंवा वार करू शकतो, दोन्ही नाही. किंवा बड्या शत्रूला किंमत मोजून सुटू द्या: ६ हिट पॉइंट (डॅमेजने घटणारा जिवाचा आकडा) सोडले तर पाळी परत. दोन्हीकडे खेळाडूच्या हाती काहीतरी पडतं आणि राक्षसही जागा होतो.

दिवसातून एकदा

हा शब्दप्रयोग घरगुती नियमावल्यांत सर्रास आढळतो आणि तो जवळजवळ नेहमीच त्रास देतो, कारण गोष्टीतला दिवस किती लांब हे गेम मास्टरच्या हातात असतं. समजा एका साध्या वाराचं सरासरी डॅमेज ५ आहे आणि दिवसातून एकदा चालणारी ‘वीजप्रहार’ २० करते. दिवसात चार फेऱ्यांची एकच लढाई झाली तर वीजप्रहारवाल्याचे ३५, दुसऱ्याचे २०. पाऊणपट जास्त. त्याच दिवसात अशा सहा लढाया झाल्या तर १३५ विरुद्ध १२०, म्हणजे साडेबारा टक्के. अ‍ॅबिलिटी तीच, वाक्य तेच.

पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं गेम मास्टरसाठीचं पुस्तक दिवसाला मध्यम किंवा अवघड अशा सहा ते आठ चकमकी गृहीत धरतं. घरी खेळणारी बहुतेक मंडळी एका सेशनमध्ये एखादी मोठी लढाई आणि भरपूर गप्पा असं खेळतात. गृहीतक आणि सवय यांत एवढं अंतर असेल तर दिवसावर बांधलेली प्रत्येक अ‍ॅबिलिटी फुगणारच. ‘सेशनमध्ये एकदा’ किंवा ‘प्रसंगातून एकदा’ लिहा. गोष्टीत तीन महिने उलटले काय किंवा एक संध्याकाळ काय, हिशोब हलत नाही. ‘सेशन’ ऐकताना गोष्टीतून बाहेर पडल्यासारखं वाटतं अशी तक्रार कधी कधी येते आणि तिच्यात तथ्य आहे. तसं वाटत असेल तर ती परत मिळवायला गोष्टीतलीच घटना ठेवा, जसं की ‘वादळात भिजल्यावर पुन्हा भरते’, मात्र ती घटना खेळाडूला मनात येईल तेव्हा घडवून आणता येणार नाही एवढं पाहा.

कायम चालणाऱ्या आणि इतरांचं काढून घेणाऱ्या

काही अ‍ॅबिलिट्यांत कमी करायला आकडाच नसतो. ‘समोरचा खोटं बोलतोय का हे तुम्हाला कळतं.’ रहस्यकथा चालवणाऱ्या गेम मास्टरला हे वाक्य पहिल्या चौकशीतच अडवतं. फासा जोडून शक्यता ठेवली तर खेळाडू प्रत्येक वाक्यावर फासा टाकत बसतो. मी इथे उत्तराचा आकार बदलेन: ‘चौकशीतून एकदा, समोरचा सर्वात जास्त कशाबद्दल बोलायचं टाळतोय ते गेम मास्टर तुम्हाला सांगेल.’ खेळाडूला अजूनही आपलं कॅरेक्टर माणसं वाचणारं वाटतं, आणि गोष्ट संपायच्या ऐवजी पुढे सरकते.

दुसरा प्रकार उशिरा ध्यानात येतो. एकाला ‘खडी भिंत चढू शकतो’ अशी अ‍ॅबिलिटी लिहून दिली की त्या क्षणी बाकी सगळ्यांना भिंत चढता येत नाही असं ठरून जातं, जरी काल ते चढत होते. हे जुनं दुखणं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७४ च्या मूळ नियमांत चोर हा वर्गच, म्हणजे कॅरेक्टरचा पेशाच, नव्हता. १९७५ च्या पुरवणीत तो आला, सोबत लपणं, चढणं, कुलपं उघडणं यांचे आकडे घेऊन, आणि मग इतरांनी हे करायचं की नाही हा प्रश्न उभा राहिला. तुमच्या यादीत अशी वाक्यं असतील तर ‘करू शकतो’ ऐवजी इतरांहून वेगळं काय ते लिहा: ‘इतरांना फासा टाकावा लागतो तिथे तुम्हाला लागत नाही’, किंवा ‘चढताना तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात’.

ज्यांची तक्रार कधी येत नाही

भारी अ‍ॅबिलिटीबद्दल सगळे बोलतात. जी कोणीच निवडत नाही ती यादीत मुकाट पडून राहते, आणि भारी वाटणारी अ‍ॅबिलिटी पुष्कळदा भारी वाटते ती शेजारच्या चार निवडण्यालायक नसल्यामुळेच. कुणाचीही धार कमी करण्याआधी बघा की त्याच पायरीवर खेळाडूला खरोखर दुसरा काही पर्याय होता का. नसेल तर पडून असलेल्या वर आणा. खेळाडूंना हे ऐकायलाही आवडतं.

बदल करायचा तर एका वेळी एक

एकाच सेशनआधी तीन अ‍ॅबिलिट्या बदलल्या आणि लढाई छान झाली, तर कशामुळे छान झाली हे कधीच कळणार नाही. एक बदल, मग निदान दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारचे प्रसंग, मग पुढचा. वेळखाऊ आहे हे मान्य, पण चक्र थांबतं ते यानेच.

बदल कुठे लिहिला जातो हेही तपासा. खेळाडूच्या पत्रकावर जुनं वाक्य, गेम मास्टरच्या वहीत नवं, आणि ग्रुपवर पाठवलेल्या फाइलमध्ये त्याच्या मधलं तिसरंच, अशी स्थिती असेल तर तुम्ही दुरुस्त केलेला बिघाड जुन्या पत्रकावरून पुढच्या सेशनला परत येतो आणि वाटतं की दुरुस्तीच फसली. पत्रकावर अ‍ॅबिलिटीचं फक्त नाव ठेवा. पूर्ण मजकूर एका सुट्या कार्डावर, कोपऱ्यात तारीख. बदल झाला की जुनं कार्ड परत घ्यायचं, नवं द्यायचं. आणि वहीत आधी काय होतं, आता काय आहे, का बदललं हे टिपून ठेवा. यातलं ‘का’ बहुतेक जण गाळतात. मग वर्षभराने कोणीतरी जुनाच नियम नवी कल्पना म्हणून मांडतो आणि तो का सोडला होता हे कोणालाच आठवत नाही.

खेळाडूला कसं सांगायचं

सेशन चालू असताना नियम बदलू नका. अडलंच तर ‘आजच्यापुरतं असं धरू’ एवढं म्हणून पुढे जा, कायमचा निर्णय नंतर. आणि त्या खेळाडूशी सगळ्यांसमोर बोलायच्या आधी एकट्याने बोला. पहिला प्रश्न असा विचारा: ‘ही अ‍ॅबिलिटी तू का घेतलीस?’ उत्तर क्वचितच ‘जास्त डॅमेजसाठी’ असं येतं. ‘माझी लढवय्यी दोन तलवारींनी नाचल्यासारखी लढते, मला ते दिसायला हवं होतं’, असं काहीतरी येतं. मग जपायचं काय ते कळलं. दोन तलवारी राहतील, दोन वार राहतील, बोनस कुठे लागतो तेवढं बदलेल. ज्या चित्रासाठी त्याने कॅरेक्टर बनवलं ते चित्र शाबूत आहे हे पटलं की १८ टक्के आणि ४२ टक्क्यांवर सहसा कोणी भांडत नाही. शक्य असेल तर नव्या कार्डाचा मजकूर त्यालाच लिहायला सांगा. फटी कुठे आहेत हे त्याला तुमच्याहून चांगलं माहीत असतं.

कधी कधी अ‍ॅबिलिटी दुरुस्त होण्यापलीकडची असते आणि काढूनच टाकावी लागते. तसं असेल तर ती घेण्यासाठी खर्च केलेले पॉइंट पूर्ण परत द्या, आणि ती हाती आहे म्हणून पुढे घेतलेल्या अ‍ॅबिलिट्यांचेही. दुहेरी वार काढला आणि ‘तिसरा वार’ पत्रकावर तसाच राहिला, तर पुढच्याच सेशनला त्याचं काय करायचं यावर खेळ अडेल. म्हणून काढण्याआधी पूर्ण यादीत त्या नावाचा उल्लेख कुठे कुठे आहे ते शोधून घ्या, शत्रूंच्या पत्रकांतसुद्धा.